पडद्यावरचा मोर, चादरीवरचा मोर

सोलापूर. अक्कलकोट रोडची एमआयडीसी, सकाळचे नऊ. खाली नक्षी विणणारे जेकार्ड माग सुरू झालेत. त्या खडखडाटात मराठी कुठली आणि तेलुगू कुठली, तेही कळत नाही. माळ्यावरच्या खोलीत मात्र माउसची टिकटिक तेवढी ऐकू येते. डिझायनर चादरीसाठी मोर काढतोय.

पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश, प्रत्येकाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. त्यांतून एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त रंग होतात. या चादरीला सूत आहे चार रंगांचं.

म्हणून तो आधी चित्र इंडेक्स्ड कलरमध्ये नेतो. आता प्रत्येक ठिपका एका कप्प्याशी बांधलेला: एक नंबर मरून, दोन मोरपंखी. कप्प्यातला रंग बदलला की तो चित्रभर बदलतो. गिऱ्हाइकाला तोच मोर दुसऱ्या जमिनीवर, म्हणजे मागच्या रंगावर, हवा असेल, तर पुन्हा काढत बसायला नको. कमी पडलेले रंग भासवण्यासाठी सॉफ्टवेअर ठिपके विखुरतं, त्याला डिदरिंग म्हणतात. ते तो बंद ठेवतो, नाहीतर विणल्यावर चादरीवर तांदूळ सांडल्यासारखे दिसतात.

पहिला नमुना उतरला तेव्हा मागावरच्या काकांनी विचारलं होतं, "मोराची मान कुठाय ओ?"

मान हिरवी होती, जमीन निळी. पडद्यावर दोन्ही झळकत होते. चादर चार पावलांवरून पाहिली, तर मान जमिनीत विरघळलेली. रंग वेगळे होते, पण उजळपणा सारखाच होता. रंग फिका वाटला की नवशिक्याचा हात सॅच्युरेशनकडे, म्हणजे रंगाच्या भडकपणाकडे जातो. त्यानं इथे काहीच सुधारलं नसतं.

ब्राइटनेसचा आकडाही फसवतो. भडक पिवळा आणि भडक निळा, दोघांपुढे १०० टक्केच लिहिलेलं असतं, पण डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसतो. म्हणून आता तो चित्राची एक प्रत ग्रेस्केल करून बघतो. करड्यातही मान उठून दिसली, तरच पुढे. माझ्या मते या खोलीतली सगळ्यात मोलाची सवय हीच.

ही अडचण जुनी आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगाईचा प्रमुख झाला. काळं सूत पुरेसं काळं दिसत नाही, अशी तक्रार आली. त्यानं तपासलं, तर खोट सुतात नव्हती, शेजारच्या रंगांत होती.

रंग पक्के करायला डिझायनर अंगणात येतो. सुटा धागा एक दिसतो आणि तेच सूत दाट गुंडाळलं की वेगळं, म्हणून पुठ्ठ्यावर गुंडाळून आणलंय. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात फारकत घेऊ शकतात. वर जाऊन तो पडद्याचा नाइट मोड बंद करतो, पुठ्ठा खिडकीतल्या उजेडात धरतो आणि चारही कप्पे नजरेनं जुळवतो. पडदा प्रकाश फेकतो, सूत परतवतं. तंतोतंत जुळणार नाही हे त्याला माहीत आहे.

दुपारी दुसरा नमुना उतरतो. मान दिसतेय. तो चादर उलटतो. मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली, तिथला मोरही बघायलाच हवा. मग चार पावलं मागे सरकतो, डोळे बारीक करतो.

"पिसाऱ्यातला पिवळा जरा जास्त होतोय काका," म्हणतो आणि जिना चढतो.