बेडकाच्या जखमेपासून पित्ताम्लांच्या बहुवारिकांपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन आपण सोलापूरकर ताटावरून उठतो, तेव्हा त्या चटणीतले तेल पचवण्यासाठी यकृतात तयार झालेला पित्तरस आतड्यात उतरतो. या रसातील पित्ताम्ले शरीर कोलेस्टेरॉलपासून घडवते. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याशी जुळते आणि दुसरी तेलाशी. भांड्याचा तेलकटपणा साबण सोडवतो, तसेच हे काम आहे. पित्ताम्लांच्या याच दोन बाजूंचा उपयोग करून, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंना मारणारी बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात चुआनबिंग तांग यांच्या गटाने अशी बहुवारिके तयार केली आहेत.

या संशोधनाच्या मुळाशी एका बेडकाची गोष्ट आहे आणि ती सांगायला मला फार आवडते. मायकेल झास्लॉफ हे संशोधक अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करीत होते. जनुकांच्या अभ्यासासाठी त्यांना नख्या असलेल्या आफ्रिकी बेडकांची अंडी लागत. मादीचे पोट उघडायचे, अंडाशय काढायचे, टाके घालायचे आणि तिला पुन्हा पाण्याच्या टाकीत सोडायचे, असा क्रम असे. शस्त्रक्रिया काही निर्जंतुक वातावरणात होत नसे आणि टाकीतले पाणी तर गढूळ, जिवाणूंनी भरलेले. अशा पाण्यात उघडी जखम चिघळलीच पाहिजे. परंतु ती चिघळत नसे, तिच्यात पू होत नसे, ती स्वच्छ भरून येत असे. त्यापूर्वीही अनेकांनी हे पाहिले असणार. झास्लॉफ यांनी मात्र अंड्यांचा विषय बाजूला ठेवला आणि या कातडीत असे काय आहे, याचा शोध सुरू केला. त्यांना प्रत्येकी २३ अमिनो आम्लांच्या, जिवाणूंना मारणाऱ्या दोन लहान साखळ्या सापडल्या. मॅगेनिन नावाने त्या १९८७ मध्ये जगासमोर आल्या. पुढे १९९३ मध्ये झास्लॉफ यांच्याच गटाला एका लहान जातीच्या शार्क माशात स्क्वॅलामाइन हे जिवाणूंना मारणारे द्रव्य मिळाले, आणि त्याचा सांगाडा तर थेट पित्ताम्लांच्या कुळातला निघाला.

बेडकाची अंडी तपासून कोणाचे भले होणार, असे विचारून मूलभूत संशोधनाचा निधी कापणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही. आपल्या महाविद्यालयांतही ठरलेला प्रयोग वहीत उतरवून घेण्यापेक्षा, समोर घडते ते निरखायला विद्यार्थ्यांना अधिक वेळ मिळाला पाहिजे.

मॅगेनिनपासून मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी मलम तयार झाले, पण १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली नाही. शिवाय अशा साखळ्या बनवणे महाग पडते आणि शरीरातील विकरे त्या तोडून टाकतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ पित्ताम्लांकडे वळले. पित्ताम्लाच्या चार कड्यांच्या ताठ सांगाड्याला एका बाजूने धनभारित गट जोडायचे आणि असे अनेक रेणू एका बहुवारिकात गुंफायचे. जिवाणूच्या पेशीपटलाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. म्हणून धनभारित बाजू त्याला चिकटते, तेलाशी जुळणारी बाजू पटलात शिरते आणि पटल फाटते. पुन्हा सांगतो, एक बाजू चिकटते, दुसरी शिरते आणि पटल फाटते. नेहमीची बरीच प्रतिजैविके पेशीतील एखाद्याच प्रथिनाला रोखतात, त्यामुळे तेवढे प्रथिन बदलून जिवाणू निसटतो. संपूर्ण पटलाची घडण बदलणे त्याला त्याहून कितीतरी अवघड जाते.

आपल्या पेशींचा बाहेरचा पृष्ठभाग बहुतांशी भाररहित असतो आणि त्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, म्हणून त्या वाचाव्यात अशी अपेक्षा आहे. तरीही तेलाशी जुळणारा भाग प्रमाणाबाहेर वाढला, तर हीच बहुवारिके रक्तातील तांबड्या पेशीही फोडतात. त्यामुळे प्रत्येक नवे बहुवारिक जिवाणूंबरोबर तांबड्या पेशींवरही तपासले जाते. जिवाणू फुटले आणि तांबड्या पेशी शाबूत राहिल्या, तरच त्याच्यावरचे काम पुढे जाते.