लाकूड, ॲक्रिलिक आणि पेनचे छिद्र

हाताने घडवलेले पेन म्हटले की फिरता लेथ, म्हणजे कांडी गरगर फिरवणारे यंत्र, आणि त्यावर टेकवलेली पटाशी डोळ्यांसमोर येते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील पेन घडवणाऱ्या एका गाळ्यातही तेच दृश्य दिसते. परंतु पेन टिकणार की तडकणार, याचा निकाल बहुतेक वेळा त्याआधी, ड्रिलपाशीच लागलेला असतो.

शिसवाच्या चौकोनी कांडीतून सुमारे ७ मिलिमीटरचे आरपार छिद्र पाडून त्यात पितळेची नळी चिकटवली जाते, कारण पेनचे सर्व सुटे भाग पुढे याच नळीत दाबून बसवायचे असतात. शिसव आणि साग ही तेलकट लाकडे असल्याने चिकटद्रव्य धरत नाहीत. म्हणून छिद्र आधी ॲसिटोनने पुसतात. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते आणि पुढे कोरड्या हवेत आक्रसते, मात्र आतले पितळ तसेच राहते; त्यामुळे नीट न मुरलेल्या लाकडाला काही महिन्यांनी उभी भेग पडते. असे लाकूड लेथवर चढवूच नये, हे आम्ही आग्रहाने सांगू.

ॲक्रिलिक या प्लास्टिकच्या कांडीला ओलाव्याचे फारसे भय नाही, उष्णतेचे आहे. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडू लागते, आणि ड्रिल सलग दाबल्यास किस वितळून खाचांत अडकतो व कांडी फुटते. म्हणून कारागीर ड्रिल थोडे आत नेतो, बाहेर काढतो, किस झटकतो आणि पुन्हा आत नेतो. रंगीत, अर्धपारदर्शक ॲक्रिलिकमधून पितळ झळकू नये यासाठी छिद्राला आतून रंगाचा हात दिला जातो. हे काम ग्राहकाला दिसत नाही, पण ते टाळले तर रंग लगेच मळकट वाटतो.

आता पटाशी पाहा. लाकडाचा भुसा उडतो, तर ॲक्रिलिकमधून लांब, अखंड फीत निघून कांडीभोवती गुंडाळत राहते. फितीऐवजी पांढरी कणी उडू लागली की धार गेली असे समजून लेथ थांबवायचा.

घासाई १५० क्रमांकाच्या पॉलिशपेपरपासून सुरू होते. ॲक्रिलिक पाण्याने ओले करून थेट १२,००० क्रमांकाच्या अतिबारीक पेपरापर्यंत नेता येते. लाकडाला पाणी चालत नाही. त्यावर सायनोॲक्रिलेटचे, म्हणजे झटपट सुकणाऱ्या गोंदाचे, पातळ थर चढवण्याची पद्धत रूढ आहे, परंतु त्याने शिसवाचा स्पर्शच हरवतो. येथील कारागीर तेल आणि मेणच पसंत करतो, आणि ती निवड आम्हाला योग्य वाटते.