सार्डिनियाचा अकरा नंबर: जीजी रिवाची कारकीर्द

1969-70 च्या हंगामात काल्यारी या शहराच्या फुटबॉल संघाने इटलीच्या अव्वल साखळीत, म्हणजे सेरी एमध्ये, 42 गोल केले आणि त्यांतले बरोबर निम्मे, 21, एकट्या लुईजी रिवाच्या नावावर लागले. त्याच वर्षी काल्यारीने इटलीचे विजेतेपद पटकावले. मिलान आणि ट्यूरिन या उत्तरेकडच्या कारखानदार शहरांतील धनाढ्य संघांचा जिच्यावर वर्षानुवर्षे वरचष्मा होता, त्या स्पर्धेत सार्डिनिया बेटावरचा एक संघ पहिला आला. असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते आणि त्यानंतरही आजतागायत घडलेले नाही. रिवाला सारा देश ‘जीजी’ म्हणून ओळखत असे. त्याच्या गोलांचे आकडे विलक्षण आहेतच, पण तो जिथे खेळला ते बेट बाजूला ठेवून ते वाचले, तर या माणसाची निम्मीही ओळख पटत नाही.

रिवा मूळचा सार्डिनियाचा नव्हे. 7 नोव्हेंबर 1944 रोजी, महायुद्ध चालू असताना, उत्तर इटलीत माज्जोरे सरोवराच्या काठावरील लेज्जुनो या गावी त्याचा जन्म झाला. 1953 मध्ये कामाच्या ठिकाणी झालेल्या अपघातात त्याचे वडील गेले. घरची परिस्थिती अशी, की लहानग्या लुईजीला धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात ठेवावे लागले, आणि तिथल्या कडक शिस्तीत त्याचा जीव कधीच रमला नाही. पुढे एक बहीण आजारपणात दगावली आणि मिसरूड फुटण्याच्या वयात आईचेही छत्र हरपले. मोठ्या बहिणीने त्याला सांभाळले. मितभाषी, काहीसा घुमा आणि मैदानाबाहेर एकटा राहणारा असे जे रिवाचे वर्णन त्याचे सहकारी पुढे करत राहिले, त्याचे मूळ या वर्षांत आहे, असे मानायला जागा आहे.

1962 मध्ये तो तिसऱ्या श्रेणीतील लेन्यानो संघाकडून खेळू लागला आणि अवघ्या एका हंगामानंतर, 1963 च्या उन्हाळ्यात, काल्यारीने त्याला विकत घेतले. काल्यारी त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत होता. अठरा वर्षांच्या रिवाला सार्डिनियाला जायचे नव्हते. मुख्य भूमीवरील इटालियन माणसाच्या मनात या बेटाची प्रतिमा मेंढपाळ, दरोडेखोर आणि अपहरण करणाऱ्या टोळ्या यांच्यापलीकडे फारशी जात नव्हती. सरकारी नोकराची किंवा सैनिकाची तिकडे बदली होणे म्हणजे शिक्षाच समजली जाई. बेटावरची तरुण मंडळी कामाच्या शोधात ट्यूरिनला, मिलानला, जर्मनीला जात होती. अशा काळात हा मुलगा उलट्या दिशेने निघाला, तो एखादे वर्ष काढून परत येऊ अशा बेताने.

पहिल्याच हंगामात काल्यारीला सेरी एमध्ये बढती मिळाली. 1964 च्या सप्टेंबरमध्ये रिवा अव्वल श्रेणीत उतरला आणि जून 1965 मध्ये बुडापेस्ट येथे हंगेरीविरुद्ध त्याने इटलीची निळी जर्सी घातली. काल्यारीचा खेळाडू राष्ट्रीय संघात येण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच्या खेळाची जात आता पाहू. रिवा पूर्णपणे डाव्या पायाचा खेळाडू होता. पाठीवर अकरा क्रमांक, सुरुवात डाव्या बगलेवरून आणि धाव गोलच्या दिशेने, ही त्याची चाल बचावपटूंना ठाऊक असे, पण ठाऊक असूनही ती अडवता येत नसे, कारण वेग आणि शरीराची ताकद या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे एकत्र होत्या. फटका इतका जबर, की सरावाच्या वेळी गोलामागे उभ्या असलेल्या एका लहान मुलाचा हात त्याच्या चेंडूने मोडल्याची हकिकत इटलीत आजही सांगितली जाते. डोक्याने चेंडू मारतानाही तो शरीराची पर्वा करत नसे. नोव्हेंबर 1969 मध्ये नेपल्स येथे पूर्व जर्मनीविरुद्ध त्याने जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर, बचावपटूंच्या पायांच्या पट्ट्यात स्वतःला झोकून देऊन डोक्याने गोल केला. त्या विजयामुळे इटलीचे मेक्सिकोतील विश्वचषकाचे तिकीट पक्के झाले.

18 जानेवारी 1970 च्या व्हिचेन्झा येथील सामन्याचे कृष्णधवल चित्रण पाहण्यासारखे आहे. उजवीकडून डोमेंगिनीचा क्रॉस येतो, गोरी तो डोक्याने मध्यभागी वळवतो आणि गोलकडे पाठ करून उभा असलेला रिवा हवेत आडवा होऊन डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडतो. ओव्हरहेड किक मारणारे खेळाडू पुष्कळ झाले. परंतु बहुतेकांच्या बाबतीत ती कसरत वाटते, आणि इथे मात्र चेंडू ज्या उंचीवर आला त्या उंचीवर गोल करण्याचा तो एकमेव सरळ मार्ग होता असे वाटते. हे चित्रण कितीही वेळा पाहिले तरी त्या शरीराच्या नेमकेपणाचे नवल ओसरत नाही.

त्या वर्षीचा काल्यारी संघ मात्र एकट्या रिवाचा नव्हता, हे स्पष्टपणे सांगायला हवे. 30 सामन्यांत या संघाने केवळ 11 गोल खाल्ले. गोलात एन्रिको अल्बेर्तोसी होता, बचावफळीचे सूत्रसंचालन कर्णधार पिएरलुईजी चेरा करत होता, मधल्या फळीत ब्राझीलचा नेने आणि ग्रेअत्ती होते. 1969 च्या उन्हाळ्यात काल्यारीने आपला दुसरा स्ट्रायकर रॉबेर्तो बोनिन्सेन्या इंटर मिलानला दिला आणि बदल्यात डोमेंगिनी, गोरी व पोली असे तीन खेळाडू घेतले. विजेतेपदाचा पाया या व्यवहाराने घातला, असे म्हणता येईल. प्रशिक्षक मान्लियो स्कोपिन्यो यांना ‘तत्त्वज्ञ’ म्हणत. खेळाडूंवर पहारे बसवणे त्यांना मान्य नव्हते. रात्री उशिरा एका खोलीत पत्ते कुटत आणि सिगारेटी ओढत बसलेले खेळाडू त्यांना सापडले, तेव्हा रागावण्याऐवजी त्यांनी मीही एक ओढली तर चालेल का असे विचारले आणि खोली आपोआप रिकामी झाली, अशी आठवण त्या संघातले खेळाडू सांगत. वसतिगृहाच्या शिस्तीने पोळलेल्या रिवाला असा प्रशिक्षक लाभणे, हे त्याचे भाग्यच म्हटले पाहिजे.

त्या हंगामाचा कस लागला तो 15 मार्च 1970 रोजी, ट्यूरिनमध्ये, पाठलाग करणाऱ्या युव्हेंटसविरुद्ध. आधी काल्यारीच्या निकोलाईकडून स्वयंगोल झाला आणि रिवाने बरोबरी साधली. नंतर पंच कोन्चेत्तो लो बेल्लो यांनी युव्हेंटसला पेनल्टी दिली. अल्बेर्तोसीने ती अडवली, पण पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली आणि या खेपेस अनास्तासीने गोल केला. अडवलेली पेनल्टी अशी हातची गेल्यावर अल्बेर्तोसीला रडू आवरेना. सामना संपत आला असताना काल्यारीलाही पेनल्टी मिळाली. साऱ्या हंगामाचे ओझे अंगावर असताना रिवाने ती मारली आणि सामना 2-2 असा सुटला. त्या एका गुणाने काल्यारीची आघाडी टिकली.

12 एप्रिल 1970 रोजी काल्यारीच्या आम्सिकोरा मैदानावर बारीविरुद्धचा सामना 2-0 असा जिंकून संघाने दोन सामने शिल्लक असतानाच विजेतेपदावर शिक्कामोर्तब केले. पहिला गोल रिवाचा, दुसरा गोरीचा. ज्या बेटाची देशाच्या वर्तमानपत्रांत बातमी यायची ती बहुधा अपहरणाची, त्या बेटाचे नाव त्या दिवशी पहिल्या पानावर वेगळ्याच कारणाने छापले गेले. मुख्य भूमीवरच्या मैदानांत आम्हाला मेंढपाळ आणि दरोडेखोर म्हणून हिणवले जाई, असे रिवा पुढे अनेकदा सांगत असे, आणि ते सांगताना तो स्वतःला त्या ‘आम्ही’त मोजत असे.

राष्ट्रीय संघातली त्याची कामगिरी याच काळातली. 1968 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना 1-1 असा बरोबरीत सुटल्याने 10 जून रोजी रोम येथे तो पुन्हा खेळवण्यात आला. पहिल्या लढतीत नसलेला रिवा या वेळी संघात होता. बाराव्या मिनिटाला त्याने गोल केला आणि युगोस्लाव्हियावर 2-0 असा विजय मिळवून इटली युरोपचा विजेता झाला. मेक्सिकोतील 1970 च्या विश्वचषकात साखळी फेरीत त्याला एकही गोल करता आला नाही, आणि वर्तमानपत्रे कुरकुर करू लागली. उपांत्यपूर्व फेरीत यजमान मेक्सिकोविरुद्ध त्याने दोन गोल केले. त्यानंतर 17 जून रोजी आझ्टेका मैदानावर पश्चिम जर्मनीविरुद्ध तो उपांत्य सामना झाला, ज्यात जादा वेळेत पाच गोल पडले आणि इटली 4-3 असा जिंकला. 104 व्या मिनिटाचा गोल रिवाचा आहे. विरळ हवेत दोन्ही संघांच्या पायांतले त्राण गेलेले असताना त्याने पेनल्टी क्षेत्राच्या कडेला चेंडू डाव्या पायावर घेतला, एका हालचालीत बचावपटूला बाजूला काढले आणि गोलरक्षक सेप माईअरच्या आवाक्याबाहेर, दूरच्या कोपऱ्यात, जमिनीलगत तिरका फटका मारला. अंतिम सामन्यात मात्र पेलेच्या ब्राझीलने इटलीला 4-1 असे हरवले.

1966-67, 1968-69 आणि 1969-70 अशा तीन हंगामांत रिवा सेरी एचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या 1969 च्या ‘बॅलन डी’ऑर’ पुरस्कारासाठी तो जियान्नी रिवेराच्या मागे दुसरा आला, आणि पुढच्या वर्षी तिसरा. 25 ऑक्टोबर 1970 रोजी काल्यारीने मिलानच्या सान सिरो मैदानावर जाऊन इंटरला 3-1 असे हरवले, तेव्हा क्रीडापत्रकार जियान्नी ब्रेरा यांनी त्याला ‘रोम्बो दि तुओनो’, म्हणजे मेघगर्जना, असे नाव दिले. ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता. 31 ऑक्टोबर रोजी व्हिएन्नामध्ये इटलीकडून ऑस्ट्रियाविरुद्ध खेळताना, मागून आलेल्या एका टॅकलमध्ये रिवाचा उजवा पाय मोडला. याआधी मार्च 1967 मध्ये रोम येथे पोर्तुगालविरुद्ध त्याचा डावा पाय मोडला होता; त्या हंगामाचे उरलेले सामने हुकूनही तो 18 गोलांसह पहिला आला होता, यावरून त्या वर्षीचा त्याचा जोर कळावा. दोन्ही वेळा अंगावर जर्सी देशाची होती आणि किंमत मोजली ती काल्यारीने. 1970 मध्ये गतविजेता म्हणून काल्यारी युरोपियन चषकात खेळत होता. पहिल्या फेरीत सेंत एतिएनविरुद्ध रिवाने दोन गोल करून संघाला पुढे नेले होते; दुसऱ्या फेरीत तो नसताना माद्रिदमध्ये ॲटलेटिकोने काल्यारीला 3-0 असे हरवून स्पर्धेबाहेर काढले, आणि सेरी एमधले विजेतेपदही हातचे गेले.

1973 मध्ये युव्हेंटसने त्याच्यासाठी त्या काळी अफाट वाटणारी रक्कम आणि शिवाय काही खेळाडू देऊ केले. क्लब विकायला तयार होता. रिवा तयार नव्हता. आपण नकार का दिला हे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे: सकाळी आठला सस्सारीहून, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून, निघालेली माणसे त्याने पाहिली होती, अकरा वाजताच मैदान भरलेले पाहिले होते, मेंढपाळांच्या घरांत घरच्या माणसांच्या तसबिरींशेजारी स्वतःची तसबीर लावलेली पाहिली होती. या लोकांकडचा हा एवढा आनंद पैशासाठी काढून घेणे त्याला नीचपणाचे वाटले. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. युव्हेंटसने पुढच्या काही वर्षांत एकामागून एक विजेतेपदे जिंकली. रिवाच्या वाट्याला साखळीचे ते एकच विजेतेपद आले. या निर्णयात त्याने काय सोडले ते लहान नव्हते, आणि त्याने ते जाणूनबुजून सोडले, म्हणूनच त्या निर्णयाचे मोल मोठे आहे.

शेवटची वर्षे झरझर उताराला लागली. 1974 च्या विश्वचषकात इटली पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि अर्जेंटिनाविरुद्धचा सामना रिवाचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. 1 फेब्रुवारी 1976 रोजी काल्यारीत मिलानविरुद्ध खेळताना त्याच्या उजव्या मांडीचा स्नायू फाटला. वय 31. पुनरागमनाचे प्रयत्न झाले, पण तो पुन्हा अधिकृत सामना खेळू शकला नाही. त्याच हंगामाच्या शेवटी काल्यारीची सेरी एमधून घसरण झाली.

निवृत्तीनंतरही रिवा यांनी काल्यारी शहर सोडले नाही. 1990 पासून 2013 पर्यंत ते राष्ट्रीय संघासोबत व्यवस्थापक म्हणून होते. 1994 च्या विश्वचषकात अंतिम फेरीतला पराभव त्यांनी त्याच भूमिकेतून पाहिला, आणि 2006 मध्ये बर्लिन येथे इटली विश्वविजेता झाला तेव्हाही ते संघाबरोबर होते. काल्यारी क्लबने 2005 मध्ये अकरा क्रमांकाची जर्सी त्यांच्या सन्मानार्थ निवृत्त केली. 22 जानेवारी 2024 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी, काल्यारी येथेच त्यांचे निधन झाले, आणि बोनारियाच्या बॅसिलिकासमोर त्यांना निरोप द्यायला हजारो सार्डिनियन जमले.

इटलीसाठी रिवा यांनी 42 सामन्यांत 35 गोल केले. 1930 च्या दशकातील महान आघाडीपटू जुझेप्पे मेआत्सा 33 गोलांवर थांबला होता. रॉबेर्तो बाज्जो 56 सामन्यांत 27 पर्यंत पोहोचला, आणि 2014 मध्ये दिल्ली डायनामोजकडून इंडियन सुपर लीग खेळल्यामुळे आपल्याकडेही ओळखीचा झालेला आलेस्सांद्रो देल पिएरो 91 सामन्यांत तितक्याच गोलांवर राहिला. दोनदा पाय मोडला नसता तर रिवा यांचा आकडा कुठवर गेला असता, हा प्रश्न इटलीत वारंवार विचारला जातो. प्रत्यक्षात 35 गोलांचा तो विक्रम अर्धशतकानंतरही कोणी मोडलेला नाही.