हिरव्या बोंडाच्या आत

कपाशीचं हे फूल नीट बघा. शेजारची फुलं कधीच उमलली, याच्या पाकळ्या मात्र टोकाशी चिकटून पीळ घालून बसल्यात. ही डोमकळी. पाकळ्या सोडवल्या की आत परागांवर गुलाबी बोंडअळी सापडते. लहानपणी पांढुरकी असते, गुलाबी रंग मागाहून येतो. डोमकळी तोडून बांधावर टाकू नका. पिशवीत गोळा करून नष्ट करा.

पुढच्या पिढीची अळी बोंडाकडे वळते, आणि इथेच फवारणीचं गणित फसतं. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते, तिचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. आत सरकी पोखरली जाते, रुई डागाळते. मग औषध कितीही भारी असो, ते सालीवरच राहतं.

म्हणून आधी मोजणी. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने या अळीचे नर पतंग ओढणारे), पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा, नेमकं हेच राहून जातं. पतंग मोजले की पिशवी रिकामी करा, नाहीतर कालचेच आज पुन्हा मोजाल. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, तीन-चार आठवड्यांनी बदला. सलग 3 रात्री सापळ्यामागे रोज 8 पतंग आले, तर नुकसानीची पातळी गाठली. तरी एकट्या सापळ्यावर विसंबू नका. शेतात तिरकं चालत 20 हिरवी बोंडं तोडा, फोडून बघा. 2 बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे 10 टक्के. फवारणीचा निर्णय आता.

शेजाऱ्याने मारलं म्हणून सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारलं, तर ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात, पांढरी माशी फोफावते. त्या काळात 5 टक्के निंबोळी अर्क पुरे: 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी घालून 100 लिटर करा. गाळण्यात आळस केला की नोझल तुंबलंच.

अमेरिकेने 2018 मध्ये ही अळी आपल्या कापसातून संपल्याचं जाहीर केलं. बीटी वाण (बोंडअळीला मारक कपाशी), सोडलेले वंध्य पतंग, कामगंध आणि वेळेवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, काढणं, हे सगळं तिथे अख्ख्या पट्ट्यात मिळून झालं. एकट्या शेतात तेवढं जमत नाही, पण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेला कापूस, न घेणं जमतं. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी उभी राहिली, की अळीचं घर चालू राहतं.

एकमेकींना चिकटलेल्या या दोन सरक्या. नखाने विलग करा. आत वेटोळं करून झोपलेली अळी पुढच्या हंगामाची आहे.