गणवेश दोन वर्षं, दवाखाना साठ वर्षं

मंडळी, कॅप्टन लक्ष्मी सहगल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच फोटो येतो. नेताजी सुभाषचंद्र बोस महिला सैनिकांच्या रांगेसमोरून चालले आहेत आणि सोबत गणवेशातली ही तरुण डॉक्टर. फोटो सुंदर आहे, वाद नाही. पण तो १९४३ सालाच्या आसपासचा, आणि बाई गेल्या २३ जुलै २०१२ ला, वयाची ९७ वर्षं पूर्ण करून. मधली जवळजवळ सत्तर वर्षं आपण खुशाल गाळतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की गणवेश १९४५ साली उतरला, बाईंची ड्यूटी मात्र शेवटपर्यंत चालू राहिली. माजी सैनिकाचा गौरव करायचा तर ही दुसरी ड्यूटीही पाहायला हवी.

तरी सुरुवात सिंगापूरपासूनच करावी लागेल. मद्रासच्या सुखवस्तू घरातली ही मुलगी, आई अम्मू स्वामिनाथन पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या. लक्ष्मी १९३८ मध्ये मद्रासला डॉक्टर झाल्या, १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या आणि तिथल्या गरीब भारतीय मजुरांसाठी दवाखाना चालवू लागल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. जुलै १९४३ मध्ये नेताजी तिथे आले आणि त्यांनी बायकांची पलटण उभारायचं बोलून दाखवलं. लोकांना वाटलं, भाषणात म्हणायला ठीक आहे. लक्ष्मींनी वीसेक बायका जमवल्या, .३०३ रायफली मिळवल्या, घाईघाईने कवायत शिकून घेतली आणि १२ जुलैला नेताजींना रीतसर मानवंदना दिली. ती रायफल साधारण चार किलोची. रोज कवायत करणाऱ्या जवानाचाही खांदा भरून येतो, मग ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती त्यांचं काय झालं असेल!

२१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार स्थापन झालं, त्यात लक्ष्मी एकमेव महिला मंत्री. दुसऱ्याच दिवशी राणी झाशी रेजिमेंटची छावणी सुरू झाली. नाव ऐकलं की आपली मान ताठ होते, कारण झाशीची राणी माहेरची तांबे! पण मला अप्रूप वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या पलटणीत मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या कितीतरी मुली होत्या. त्यांच्यापैकी अनेकींनी भारत पाहिलासुद्धा नव्हता. न पाहिलेल्या देशासाठी, न ऐकलेल्या प्रांतातल्या राणीच्या नावाने त्या रांगेत उभ्या राहिल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण व्यासपीठावर हे सहसा टाळलं जातं. ही पलटण आघाडीवर जाऊन लढली नाही. ब्रह्मदेशात मेम्योपर्यंत ती पोहोचली, पण जपानी सैन्य आणि आझाद हिंद फौज यांची इम्फाळवरची मोहीम फसली आणि या मुलींच्या वाट्याला आली ती जखमींची शुश्रूषा आणि पुढे माघार. यामुळे त्यांचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. इम्फाळहून परतलेली माणसं गोळीपेक्षा मलेरिया, हगवण आणि उपासमारीने खचली होती. अशा वेळी हाताशी डॉक्टर असणं म्हणजे काय, हे फौजेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. लक्ष्मी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात इंग्रजांच्या ताब्यात सापडल्या. मार्च १९४६ मध्ये त्यांना भारतात आणलं गेलं.

मार्च १९४७ मध्ये लाहोरला त्यांचं लग्न झालं. नवरा कर्नल प्रेम सहगल, आझाद हिंद फौजेच्या ज्या तीन अधिकाऱ्यांवर इंग्रजांनी लाल किल्ल्यात खटला चालवला, त्यांतले एक. स्वतंत्र भारताच्या सैन्याने आझाद हिंदच्या लोकांना परत घेतलं नाही. हारतुरे भरपूर मिळाले, नोकरी नाही. दोघं कानपूरला स्थायिक झाले. कानपूर तेव्हा कापड गिरण्यांचं गाव. आणि हो, ज्या बिठूरला मनू, म्हणजे झाशीची राणी, लहानाची मोठी झाली, ते बिठूर कानपूरच्या अगदी शेजारी. योगायोग आहे, त्याचा फार गाजावाजा नको.

फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे आले. लक्ष्मींनी त्यांच्यावर उपचार सुरू केले आणि तिथून त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं, असं मी म्हणेन. बायकांचा दवाखाना, बाळंतपणं, ज्यांच्याकडे पैसा नाही अशा घरांतल्या पेशंट. या कामाला ना बिल्ला ना बढती. बाळंतपण रात्री दोनला अडलं तर रात्री दोनलाच उठायचं. वयाची नव्वदी उलटल्यावरही त्या पेशंट तपासत होत्या!

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांची रीघ लागली, तेव्हा त्या सीमेवरच्या बनगावला जाऊन मदत छावणीत राबल्या. १९८४ हे साल तर एकट्या माणसाला पुरून उरावं असं. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि शिखांवर हल्ले सुरू झाले. कानपुरातही जमाव रस्त्यावर आला. सत्तर वर्षांच्या या डॉक्टरीणबाई दवाखान्यातून बाहेर पडल्या आणि जमावाला सामोऱ्या गेल्या. त्यांच्या दवाखान्याच्या आसपासच्या गजबजलेल्या भागात शिखांच्या घरादुकानांना त्यांनी धक्का लागू दिला नाही. हातात काही नाही, मागे पलटण नाही. ज्या बायकांची बाळंतपणं केली, त्यांचेच नवरे, दीर, मुलं त्या जमावात असणार हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कदाचित त्याच ओळखीवर त्यांनी भरवसा ठेवला असेल, हा आपला माझा अंदाज. महिनाभराने भोपाळला वायुगळती झाली. डिसेंबरमध्येच त्या वैद्यकीय पथक घेऊन तिथे हजर!

१९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००२ मध्ये डाव्या पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी डॉ. अब्दुल कलाम यांच्यासमोर उभं केलं. निकाल ठरलेलाच होता: कलामांना ९,२२,८८४ मतमूल्य, यांना १,०७,३६६. वय ८७. गेल्यावर देहही त्यांनी कानपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. राणी झाशीची छावणी उघडल्याला तेव्हा ८१ वर्षं झाली होती. या सतरा जणींना लक्ष्मींची कवायत तर कोणीही सांगेल. त्यांना कानपूरचा दवाखानाही कोणीतरी सांगायला हवा, कारण गणवेश त्यांचाही एक दिवस उतरणारच आहे.

तुमच्यापैकी काहींना बाईंचं राजकारण पटणार नाही, जपानची मदत घेण्याबद्दलही काहींचे आक्षेप असतील. मलाही त्यातल्या सगळ्याच गोष्टी पटतात असं नाही. त्यावर आता प्रश्नोत्तरांत मोकळेपणाने बोलू. आधी मागच्या रांगेतले हात घेऊ या.