फी माफ, पण पोटाचं काय?

जुलै महिना. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवल्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे खलाशांच्या हाताला काम नाही. याच दिवसांत आयटीआयच्या प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात. शिकायचा विचार मनात यायला याहून सोयीची वेळ नाही.

आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. दहावी झालेली असली की तिशी उलटलेला माणूसही वर्गात बसू शकतो. वेल्डर एका वर्षात होता येतं, इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं लागतात. मुंबईतली नोकरी सुटून गावी परतलेला चाकरमानी असो की लोटे-परशुरामच्या कारखान्यातून कमी केलेला कामगार, दार सगळ्यांना उघडं आहे.

पण वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात, आणि नौकाही ऑगस्टमध्येच समुद्रात जातात. इथेच बहुतेकांचा निर्णय होतो. ज्याच्या पैशावर घर चालतं, तो वर्गात कसा बसणार?

आपल्याकडे शिक्षणाला मदत नाही, असं नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. हा निर्णय मोठाच आहे. पण या योजना ज्या विद्यार्थ्यासाठी आखल्यात, त्याच्यामागे आईवडील उभे असतात. इथे शिकायला निघालाय तो स्वतःच कोणाचा तरी बाप आहे, किंवा काजूच्या कारखान्यात गर सोलून घर चालवणारी आई आहे. त्यांची अडचण फीपाशी संपत नाही. महिन्याचं वाणसामान, विजेचं बिल, म्हाताऱ्यांची औषधं, हे सगळं तसंच राहतं.

आयटीआयच्या प्रशिक्षणार्थीला विद्यावेतन मिळतं. ते वर्षानुवर्षं महिना 40 रुपये होतं. सरकारने ते 500 केलं.

आता दुसरी योजना पाहा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. 18 ते 35 वयाच्या बेरोजगाराने एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात प्रशिक्षण घेतलं, तर बारावी झालेल्याला महिना 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000. मात्र ज्याचं शिक्षण चालू आहे, तो या योजनेला पात्र नाही. म्हणजे बारावी झालेला तोच तरुण कचेरीत काम शिकला तर 6,000, आणि वर्कशॉपमध्ये हातात होल्डर धरून वेल्डिंग शिकला तर 500. ही तफावत आम्हाला पटत नाही. दोघंही शिकतच आहेत.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही आहे. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला अटी पूर्ण केल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. जास्तीत जास्त 90 दिवस. तीन महिन्यांत दुसरं काम शोधता येईल. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यात बसत नाही. खलाशी, आंब्याच्या बागेतला गडी, चिरेखाणीवरचा मजूर यांच्यापैकी बहुतेकांचा तर हा विमाच नसतो.

आयर्लंडमध्ये याच अडचणीवर ‘बॅक टू एज्युकेशन अलाउन्स’ नावाचा भत्ता आहे. साधारण 21 वर्षांवरचा बेरोजगार ठरावीक काळ बेकारी भत्त्यावर असला, की पूर्णवेळ शिकायला जाताना त्याचा आठवड्याचा आधार सुटत नाही. शालेय पातळीच्या अभ्यासक्रमाला 3 महिने, महाविद्यालयीन अभ्यासक्रमाला 9 महिने, एवढी ती अट. तिथे बेकारी भत्त्याची व्यवस्था आधीपासून होती, म्हणून हे सोपं गेलं. आपल्याकडे ती नाही, हे खरंच. तरी सगळं नव्याने उभारायची गरज नाही.

युवा कार्य प्रशिक्षणाचे पैसे हजेरी पाहून थेट बँक खात्यात जमा होतात. आयटीआयमध्येही रोजची हजेरी लागतेच. ज्याच्यावर घर अवलंबून आहे, अशा बेरोजगाराची आयटीआयमधली हजेरी त्याच 6,000 रुपयांसाठी धरावी आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत ते चालू ठेवावेत. वयाची 35 ची अट तेवढी उठवावी लागेल, कारण लोटे-परशुरामला नोकरी गमावलेल्यांत चाळिशीतली माणसंही असतात.