बुलढाण्याच्या ताराबाई

बुलढाणा म्हणजे घाटावरचं गाव. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, सगळा कापसाचा मुलूख. 1850 च्या सुमारास या बुलढाण्यात ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, विचारानं सत्यशोधक. चार भावांत ही एकुलती एक लेक. बापानं तिला मराठीच नाही, संस्कृत आणि इंग्रजीही शिकवलं. लग्न केलं तेसुद्धा घरजावई आणून.

1881. सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. लोकलाजेपायी तिनं पोटचं मूल मारलं होतं. पुढं अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांना तेवढंच पुरलं. बायकांच्या चालीरीतीवर लेखच्या लेख आले.

ताराबाई पेटून उठल्या.

विधवेला नादी कोण लावतं? दिवस गेले की हात झटकून मोकळं कोण होतं? बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनंच का तोंड लपवून जगायचं? बायका कपटी, चंचल, अविचारी म्हणता ना? एकेक दुर्गुण घेऊन त्या पुरुषांसमोर धरतात आणि विचारतात, हा तुमच्यात नाही? साहेबाचा पोशाख, साहेबाचं खाणंपिणं तुम्ही उचललंत. बायकोनं मात्र पोथीतला पतिव्रताधर्मच पाळायचा! देव आणि पुराणंही त्यांनी सोडली नाहीत. त्या काळात, वऱ्हाडातल्या एका मराठा घरातून हे लिहायला केवढी छाती लागली असेल!

1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं हे सगळं म्हणणं मांडणारं पुस्तक, ‘स्त्री-पुरुष तुलना’, छापून झालं. प्रती 500, किंमत नऊ आणे.

टीकेची झोड उठली. सत्यशोधक चळवळीतल्या माणसांनाही ते पचलं नाही. पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. 1885 मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. त्या बुलढाण्यातच राहिल्या. मूलबाळ नव्हतं.

1975 मध्ये साहित्य-संशोधक स. गं. मालशे यांनी हे पुस्तक शोधून पुन्हा छापलं. मधे 93 वर्षं गेली. तेवढ्यात जिल्ह्यातल्या लेकीबाळींच्या कितीतरी पिढ्या शाळा शिकून संसाराला लागल्या, आपल्याच गावच्या या बाईचं अक्षरही न वाचता.